पॅलेटवर बरोबर, चित्रात चूक: रंगाचा शेजार कसा सांभाळावा

लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या विरोधी जोड्या तुम्हाला पाठ आहेत असं धरून चालतो.

१. कोरा पांढरा आधी झाकून टाका. मोठ्या भागांवर पातळ रंगाचा हात फिरवला की पुरे. पांढऱ्याला लागून कुठलाही रंग गडद भासतो, म्हणून कोऱ्या कॅनव्हासवर पसंत केलेला रंग शेवटी फिका निघतो.

२. डोळे किलकिले करून उजेड-अंधार ठरवा. रंगाचं नाव नंतर.

३. आता खरी गोम. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो. तोच राखाडी लालात ठेवला तर हिरवट दिसतो, हिरव्यात ठेवला तर तांबूस. पॅरिसच्या गोब्लँ या भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार होती. रंगाईचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती; शेजारचे धागे काळ्याला मारत होते. हा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपात मांडला. तरी आजही लोक पॅलेटवरच्या गोळ्याकडे बघून ‘जमला’ म्हणतात! पॅलेटवर रंग जमत नसतो.

मिश्रणाचा एक फटका कागदाच्या कपट्यावर मारा, वाळू द्या, कपटा चित्रात जागेवर धरा आणि दोन पावलं मागे जा. खटकलं तर लगेच त्या रंगाच्या मागे लागू नका. करड्या पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यातून तो रंग एकटा बघा. एकटा ठीक वाटला तर दोष शेजाऱ्याचा, आणि दुरुस्ती तिथेच करायची. नारिंगी पेटत नाही म्हणून त्यात आणखी नारिंगी ओतण्यापेक्षा भोवतालचा भाग निळसर राखाडी करा. ट्यूबमधल्या रंगाला ट्यूबपेक्षा तेजस्वी करता येत नाही, शेजार मात्र हवा तितका विझवता येतो.

‘विरोधी रंग जवळजवळ ठेवा, चित्र उठून दिसेल’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि सगळ्यात जास्त चित्रं त्यानेच बिघडतात. लाल आणि हिरवा सारख्याच उजळपणाचे, सारख्याच जोराचे आणि सारख्याच आकाराचे भिडवले की त्यांची कड थरथरू लागते आणि नजर ठरत नाही. एकाला मोठी जागा द्या, पण त्याचा जोर काढून घ्या. दुसरा थोडाच आणि शुद्ध ठेवा. जोर काढायला त्याच्याच विरोधी रंगाचा थेंब मिसळा. काळा नको, पिवळ्यात तर नाहीच. काळ्याने पिवळा हिरवा होतो.

मधूनमधून नजर दुसरीकडे वळवा. लालाकडे टक लावून बसलात तर पुढचा प्रत्येक रंग हिरवट भासेल.

४. शेवटचा निवाडा वाळल्यावर. जलरंग वाळताना फिके पडतात, अ‍ॅक्रिलिक गडद होतात.