जुन्या साडीच्या गोधडीत टोकदार त्रिकोण: कागदावर शिवायची पद्धत

इंदूरच्या आमच्या घरात आजीच्या सुती साड्या वर्षानुवर्षं पेटीत होत्या. धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या, की गोधडीशिवाय दुसरं काही करावंसं वाटेना. पट्ट्या आणि चौकोन जमले, त्रिकोण मात्र बिघडत राहिले. त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी येते, झिजलेलं कापड तिथे ताणलं जातं आणि टोक बोथट होतं. कागदावर शिवल्यावर ही अडचण संपली. रेघ कागदावर असते, टाका त्या रेघेवर पडतो आणि कापड काटेकोर मोजून कापावंच लागत नाही.

पहिल्यांदा अगदी सोपा तुकडा करा. पातळ कागदावर ४ × २ इंचांचा आयत काढा. वरच्या लांब बाजूच्या मध्यापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढा. मधल्या त्रिकोणात १, उजवीकडे २, डावीकडे ३ असे आकडे घाला. शिवायचा क्रम तोच. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठीची जास्तीची जागा) ठेवून बाहेरची रेघ काढा. झेरॉक्सचा साधा कागद चालतो, बटर पेपर जास्त बरा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई कापडाला लागते.

तिन्ही आकड्यांसाठी ५ × ३ इंचांचे तुकडे घ्या. मी मधल्या त्रिकोणाला बाग प्रिंट वापरते. धार जिल्ह्यातल्या बाग गावचं हे लाल-काळं छापकाम जुन्या फिक्या साडीशेजारी फार खुलतं. पण नव्या कापडाचा लाल रंग सुटू शकतो, म्हणून ते आधी वेगळं धुवा. शिंप्याकडची सुती कतरनही उत्तम.

मशीनला १४ नंबरची सुई लावा आणि टाका बारीक करा, साधारण दीड मिलिमीटर. जुन्या काळ्या मशीनवर आकडे कळत नसतील तर चिंधीवर शिवून बघा. इंचात १६ ते १८ टाके आले पाहिजेत. हे टाळू नका. टाका मोठा राहिला तर शेवटी कागद ओढताना शिवणही उसवते.

आता नीट लक्ष द्या, गोंधळ इथेच होतो. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला राहतं आणि शिवण रेघांच्या बाजूने घालायची. पहिला तुकडा कोऱ्या बाजूवर ठेवा, सुलट बाजू आपल्याकडे. कागद खिडकीशी धरून बघा: १ चा त्रिकोण सगळीकडून पाव इंच जास्तीने झाकला गेला पाहिजे. टाचणी लावा. १ आणि २ मधल्या रेघेवर कागद दुमडा आणि बाहेर आलेलं कापड घडीपासून पाव इंच ठेवून कापा. त्या कडेला दुसऱ्या तुकड्याची कड जुळवा, सुलटीवर सुलट. घडी उघडा, कागद पालथा करा आणि रेघेवर शिवा. दोन्ही टोकांना रेघेच्या पुढे दोन-तीन टाके जाऊ द्या.

दुसरा तुकडा उलगडून इस्त्री करा. वाफ किंवा पाणी नको, कागद आकसतो. पुन्हा उजेडाशी धरा. कोपरा उघडा दिसला तर आत्ताच उसवा. माझे सुरुवातीचे कितीतरी कोपरे इथेच अपुरे पडले. तिसऱ्या तुकड्याची कृतीही हीच. मग बाहेरच्या रेघेवर कापा: साडेचार बाय अडीच इंच. त्रिकोणाच्या टोकावर पाव इंच कापड उरलं असेल तर काम बरोबर झालं.

हा आकार दोन्हीकडून सारखा आहे. पुढे पक्षी किंवा पान शिवाल तेव्हा ते कागदावरच्या चित्राच्या उलट दिशेला तोंड करून येईल, म्हणून नक्षी आधीच उलटी काढा. छापून घेणार असाल तर छपाई १०० टक्के आकारात करा आणि पट्टीने एक रेघ मोजून बघा.

कागद लगेच काढू नका. शेजारचे तुकडे जोडून होईपर्यंत तोच कडा सांभाळतो. असे चार तुकडे एकावर एक जोडले की ४ × ८ इंचांची पट्टी होते, अशा दोन पट्ट्यांचा ८ इंचांचा चौकोन. जोडताना मागे टोकापाशी दोन शिवणी एकमेकींना छेदतात, तिथून किंवा सूतभर बाहेरून टाका न्या, टोक कापलं जात नाही. सगळं जोडल्यावर ३, २, १ अशा उलट क्रमाने कागद फाडा: शिवणीवर अंगठ्याचं नख दाबून धरायचं आणि कागद हळूच ओढायचा. कोपऱ्यातले कण चिमट्याने निघतात.