कॉलेजचं वीजबिल: आधी रात्रीचं रीडिंग घ्या

बडोद्यात कॉलेजच्या इमारतींची इलेक्ट्रिकल देखभाल हे माझं काम. बिल वाढलं की ‘पंखे-दिवे बंद करा’ अशी नोटीस लागते. ती लागावीच, पण शोध सुरू करा तो रात्रीपासून.

रात्री दहाला मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, सकाळी सहाला पुन्हा घ्या. बिलावर मल्टिप्लाइंग फॅक्टर (मीटरच्या फरकाला ज्याने गुणून खरे युनिट मिळतात तो आकडा) असेल तर फरकाला त्याने गुणा, मग आठने भागा. सगळे वर्ग रिकामे असताना इमारत तासाला किती युनिट खाते, ते कळतं. मग वायरमनला सोबत घेऊन टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं उपकरण) एकेक फीडर, म्हणजे मुख्य पॅनलमधून निघणारी एकेक लाइन, तपासा. सर्व्हर रूमचा एसी, यूपीएस, बायॉलॉजीचे डीप फ्रीझर, वॉटर कूलर, केमिस्ट्रीचा एक्झॉस्ट, बहुतेक भार इथेच सापडतो.

वॅटपेक्षा तास बघा. साडेसातशे वॅटचा एक्झॉस्ट चोवीस तास चालला तर १८ युनिट जातात. पंचाहत्तर वॅटचे चाळीस पंखे सहा तास फिरले तरी तेवढेच! मात्र सॉल्व्हंट (वाफ सोडणारी द्रव रसायनं) ठेवलेल्या खोलीचा एक्झॉस्ट विभागप्रमुखांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका. तिथे युनिट मोजायचे नसतात.

दिवसाचा खर्च वेळापत्रक ठरवतं, असं माझं ठाम मत आहे. दीडशे खुर्च्यांच्या एसी हॉलमध्ये वीस मुलांचा तास ठेवला, तरी अख्खा हॉल थंड करावा लागतो. वेळापत्रक बनवणाऱ्या मॅडमना शेजारी बसवून मीटर दाखवा. त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जास्त बचत आहे. एसी २४ अंशांवर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

मे महिन्यात वरच्या मजल्यावर जरूर जा. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. आर्ट्स फॅकल्टीच्या जुन्या इमारतीतल्या जाड भिंती आणि उंच छतं हा मारा झेलतात, नव्या इमारतींना ते जमत नाही. अशा गच्चीवर पांढरी चायना मोझॅक (चकचकीत टाइलच्या तुकड्यांची फरशी) लावून घ्या, नवा एसी त्यानंतर.

एचटी (उच्च दाबाच्या जोडणीच्या) बिलात मॅक्सिमम डिमांडही बघा, म्हणजे महिन्यात एका वेळी खेचलेला सर्वात जास्त भार; त्याचाही आकार लागतो. सगळे एसी एकदम चालू न करता मजल्यामजल्याने करा.

बदल केल्यावर रात्रीचं रीडिंग त्याच वेळांना पुन्हा घ्या. बिलाची तुलना मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मेचं बिल डिसेंबरशी ताडून काहीच कळत नाही.