वसई-मुंबईच्या धर्मप्रांतांचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

चर्चची ज्युबिली आली की स्मरणिका निघते आणि स्मरणिकेत बिशपांची, म्हणजे त्या-त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखांची, यादी छापली जाते. गोंधळ तिथूनच सुरू होतो. आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास लिहायला बसलं, की पहिलंच वाक्य चुकतं.

वसईचंच बघा. वसईत पोर्तुगीज आले १५३४ साली, म्हणून ‘वसई धर्मप्रांत’ही (एका बिशपाच्या अखत्यारीतला प्रदेश म्हणजे धर्मप्रांत) तेवढाच जुना, असं सर्रास गृहीत धरलं जातं. श्रद्धेची परंपरा जुनी आहे, धर्मप्रांत नाही. तो २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून (आर्चबिशपांच्या धर्मप्रांतातून) वेगळा झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. त्याआधीचं काय? वसईतल्या बहुतेक जुन्या धर्मग्रामांची (एकेका चर्चभोवतीच्या वस्त्यांची) साखळी अशी लागते: १८८६ पर्यंत गोव्याचे आर्चबिशप, १८८६ ते १९२८ दमण धर्मप्रांत, १९२८ ते १९९८ मुंबई आणि मग वसई. यातला दमणचा टप्पा जवळपास प्रत्येक जण गाळतो, कारण हा धर्मप्रांत १९२८ साली बरखास्त झाला. १९०५ सालच्या एखाद्या जुन्या कागदावर दमणच्या बिशपांचं नाव दिसलं, तर तो कागद भलतीकडून आला असं समजून बाजूला ठेवू नका. वांद्र्यापर्यंतच्या साष्टीतल्या कागदांनाही हेच लागू.

सगळ्यात मोठी फसगत होते ती मुंबई बेटावर. एका जागेला एका वेळी एकच बिशप, हा आपला सरळ हिशेब तिथे चालत नाही. पोर्तुगीज राजाकडे पूर्वेकडच्या चर्चचं आश्रयदातृत्व होतं, त्याला पाद्रोआदो म्हणत. दुसरीकडे रोमची धर्मप्रसार पाहणारी प्रोपागांडा ही संस्था स्वतःचे प्रतिनिधी बिशप थेट पाठवत होती. इंग्रजांना मुंबईत गोव्याच्या पाद्रींचा, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालचा, वरचष्मा नको होता. १७२० साली त्यांनी गोव्याकडच्या फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्रींना बाहेर काढलं आणि त्यांची चर्च प्रोपागांडाने पाठवलेल्या कार्मेलाइट संघाच्या बिशपांच्या ताब्यात दिली. पुढे १७८९ मध्ये ती गोव्याकडे परत गेली, १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाइटांकडे आली आणि १७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीने सरळ दोघांत वाटणी करून टाकली. म्हणजे हाकेच्या अंतरावरच्या दोन चर्चचे वरिष्ठ वेगवेगळे! म्हणून या काळाबद्दल ‘मुंबईचे बिशप कोण?’ असं विचारण्याआधी ‘कुठल्या चर्चचे?’ हे विचारायला हवं.

याच काळात आणखी एक खड्डा आहे. १८५०च्या सुमाराच्या कागदांत अनास्तासियस हार्टमन ‘डर्बेचे बिशप’ म्हणून भेटतात. डर्बे हे आशिया मायनरमधलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, प्राचीन गाव. मुंबईला तेव्हा धर्मप्रांताचा दर्जा नव्हता, म्हणून तिथल्या प्रतिनिधी बिशपांना अशा लुप्त धर्मप्रांताची पदवी असे. मुंबईचा महाधर्मप्रांत आणि पुण्याचा धर्मप्रांत दोन्ही १८८६चे.

यादीत मोकळी जागा दिसली, तर ती आपल्या मनाने भरू नका. आर्चबिशप अल्बन गुडियर १९२६ साली पायउतार झाले आणि जोआकिम लिमा आले १९२८ मध्ये. मधल्या काळात रोम आणि पोर्तुगालची बोलणी चालू होती. मुंबईला आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप नेमायचे, असं त्यात ठरलं. लिमा पोर्तुगीज, त्यांच्यानंतरचे थॉमस रॉबर्ट्स इंग्रज, ते यामुळे. यादीत रॉबर्ट्स यांच्यापुढे १९३७–१९५० असं असतं, पण १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले आणि भारतीय माणसाला वाट मोकळी व्हावी म्हणून रॉबर्ट्स मुंबईबाहेर गेले. कारभार ग्रेशियसच पाहत होते. तारखांच्या दोन रकान्यांत ही गोष्ट मावत नाही. खाली एक टीप द्यायलाच हवी.

दोन ग्रंथांत दोन सालं सापडली, की एक खोडायची घाई होते. गोवा धर्मप्रांतासाठी १५३३ही सापडेल आणि १५३४ही. पोप क्लेमंट सातवे यांनी निर्णय १५३३ साली घेतला, पण आदेशपत्र निघण्याआधीच ते वारले. ते काढलं तिसऱ्या पॉल यांनी, ३ नोव्हेंबर १५३४ रोजी. दोन्ही सालं खरी. बिशपांच्या बाबतीतही नेमणूक, अभिषेक आणि पदग्रहण या तीन वेगळ्या तारखा असतात. संपूर्ण यादीत एकच कुठली तरी धरा.

नावांचा घोळ तर विचारूच नका. व्हॅलेरियन ग्रेशियस हे १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले. ओस्वाल्ड ग्रेशियस २००६ साली मुंबईचे आर्चबिशप झाले. पुण्याचे व्हॅलेरियन डिसोझा आणखी तिसरेच. फेलिक्स मच्याडो वसईत असताना आर्चबिशप म्हणवले जात, ते व्यक्तिगत पदवीमुळे. वसई महाधर्मप्रांत झालेला नाही.

शेवटी पंथ तपासा. ‘नाशिकचे बिशप’ एवढंच लिहिलं असेल तर ते १९८७ साली स्थापन झालेल्या कॅथलिक धर्मप्रांताचेही असतील किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचेही. मुंबईचा अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला) धर्मप्रांत १८३७चा, पहिले बिशप थॉमस कार. १९७० साली तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाला. १९८८ साली स्थापन झालेला आणि २०२५ साली महाधर्मप्रांत झालेला कल्याणचा धर्मप्रांत सिरो-मलबार विधीच्या, म्हणजे केरळातल्या उपासनापरंपरेच्या, कॅथलिकांचा. कल्याणातले लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचे, कॅथलिक मात्र मुंबईच्याच आर्चबिशपांकडे येतात.