ज्वारीच्या दहा दाण्यांचा जोर

दारव्हा तालुक्यातल्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. उपग्रहाच्या विद्युत इंजिनाचा धडा फळ्यावर सुरू करत नाही. ज्वारीचे दहा दाणे तळहातावर ठेवायला सांगते. साधारण ०.३ ग्रॅम. छोट्या उपग्रहाला पुढे ढकलायला एवढाच जोर मिळतो, आणि तो पुरतो. कसा, ते वहीत मांडून बघा.

१२ किलोचा उपग्रह ४०० किलोमीटरवरून ५०० वर न्यायचाय. खाली तो सेकंदाला ७.६६९ किलोमीटर फिरतो, वर ७.६१३. फरक ५६ मीटर. हळूहळू गोल चढताना इंजिनाला एवढाच वेग द्यावा लागतो. (ढकललं पुढे आणि वेग घटला, हे पोट्ट्यांना पटायला एक तास जातो. उंची चढण्यात तो खर्ची पडतो.)

आता इंधन. इंजिन झेनॉन वायूच्या अणूंना विद्युतभार देऊन विजेच्या बळावर बाहेर फेकतं, समजा सेकंदाला १०,००० मीटरनं. १२ गुणिले ५६ भागिले १०,०००, म्हणजे ६७ ग्रॅम. हायड्राझिन या रासायनिक इंधनाचा वायू २,२०० नं सुटतो, त्याला ३०५ ग्रॅम लागतील.

मग जोर: दोन गुणिले कार्यक्षमता गुणिले वीज, भागिले तो फेकण्याचा वेग. ५० वॅट आणि ३० टक्के धरले तर ०.००३ न्यूटन. हेच आपले दहा दाणे! दिवसभरात वेगात २१.६ मीटरची भर, म्हणजे अडीच दिवसांहून थोडं जास्त.

इथेच बहुतेक वह्या चुकतात. वावरातला सौर पंप ऊन गेलं की थांबतो, तसंच हे. ९३ मिनिटांच्या फेरीत ३६ मिनिटांपर्यंत पृथ्वीची सावली असते. बॅटरीवर इंजिन चालवायचं नसेल तर सव्वाचार दिवस धरा.

फेकण्याचा वेग दुप्पट करून पाहाच. झेनॉन निम्मं लागतं, पण तेवढ्याच विजेत जोरही निम्मा होतो आणि दिवस दुप्पट. घाई असेल तर वेग कमी ठेवा, वजन वाचवायचं तर वाढवा. नासाच्या डॉन यानानं वजन वाचवलं: २००७ ला निघून २०११ ला वेस्टा हा लघुग्रह गाठला, २०१५ ला सेरेस हा बटुग्रह. आपल्या इस्रोनं २०१७ च्या जीसॅट-९ उपग्रहावर झेनॉनचं इंजिन बसवलं.

पुढचा हिशोब ६०० किलोमीटरचा करा, आणि सावली आधी वजा करा.