मीडियम फॉरमॅटवर दुसऱ्या सिस्टिमची लेन्स लावताना

मीडियम फॉरमॅट (35 मिमीपेक्षा मोठी फिल्म) कॅमेऱ्यावर दुसऱ्या सिस्टिमची लेन्स अ‍ॅडॅप्टरने लावायची, तर ती घेण्याआधी बॉडीत फोकल प्लेन शटर, म्हणजे फिल्मच्या अगदी पुढ्यात असलेलं शटर, आहे का, ते पाहा. हॅसलब्लाड 500 सीएम, ब्रॉनिका एसक्यू यांचं शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे पेंटाकॉन सिक्सची बिनशटरची लेन्स त्यांच्या काही कामाची नाही. मी ती मामिया 645 वर लावतो. मग फ्लँज अंतराचं, म्हणजे लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंतच्या अंतराचं, गणित: पेंटाकॉन सिक्सचं 74.1 मिमी, मामिया 645 चं 63.3. मधले 10.8 मिमी अ‍ॅडॅप्टरचे.

मला छळलं ते याच 10.8 ने. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं (एफ 2.8) असलं की दर वेळी मऊ यायचा आणि लहान केलं (एफ 8) की बरा दिसायचा, म्हणून दोष कळायला फार उशीर लागला. व्हर्नियरने मोजला तेव्हा अ‍ॅडॅप्टर 11.0 निघाला. दोन दशांश मिलिमीटर! तेवढ्यानं 80 मिमीच्या बायोमेटार लेन्सचा फोकस साधारण 32 मीटरवर अडतो, त्यापुढचं स्पष्ट येत नाही; 50 च्या फ्लेक्टोगॉनचा तर साडेबारावरच. 180 ची सोनार मात्र दीडशे मीटरच्याही पुढे जाते, म्हणजे तिच्यावर दोष लपतो. म्हणून अशा लांब टेली लेन्सवर तपासून अ‍ॅडॅप्टर पास करू नका.

व्ह्यूफाइंडरवरही विसंबू नका, जुन्या बॉडीचा आरसा सरकलेला असू शकतो. मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर धुरकट चिकटपट्टी लावलेली काच ठेवा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेतो उघडं राहतं) उघडं धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि लूपने (छोट्या भिंगाने) काचेवर दूरचा मोबाइल टॉवर पाहा. चारही कोपरे पाहा. अ‍ॅडॅप्टर तिरका असला तर एकच बाजू मऊ पडते.

‘इन्फिनिटी गॅरंटी’ (अनंतापर्यंत फोकस होईलच) म्हणणाऱ्या विक्रेत्याला गुरू करू नका. त्यापेक्षा अ‍ॅडॅप्टर घासून नेमका करून देणारा जळगाव एमआयडीसीतला चांगला लेथवाला शोधा. छायाचित्रकार केकी मूस चाळीसगावात राहूनच टेबलटॉप (टेबलावर मांडलेल्या वस्तूंची) फोटोग्राफी करत राहिले. मुंबई लांब आहे म्हणून आपलं काम अडत नाही, हे मी मनापासून सांगतो.

अ‍ॅडॅप्टरवर ऑटो अ‍ॅपर्चर जाईल, प्रकाश मोजताना अ‍ॅपर्चर हाताने हव्या आकड्यापर्यंत लहान करावं लागेल. आठवडाभरात हात बसतो. मे महिन्यात मात्र लेन्स बंद गाडीत अजिबात ठेवू नका, जुनं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

जाड अ‍ॅडॅप्टर लेथवर एकदम दोन दशांश उतरवू देऊ नका. थोडं काढून पुन्हा काचेवर पाहा. केसभर पातळ झाला तरी घाबरायचं कारण नाही: फोकस अनंताच्या जरा पुढे जाईल आणि लेन्सवरचे आकडे चुकतील, एवढंच.