मुंबईत नवीन आलात? मोबाईल आणि वायफायचा खर्च आधी आवरा

गावाकडून मुंबईला नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींचे पगार कुठे जातात हे मी बरीच वर्षं बघते आहे. डिपॉझिट, मेस, लोकलचा पास हे खर्च सगळ्यांना दिसतात आणि घरचेही त्याचाच हिशेब विचारतात. मोबाईल आणि इंटरनेटचे पैसे मात्र इथे तीनशे, तिथे पाचशे असे सुटे सुटे जातात. वर्षाची बेरीज केली तर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याचं महिन्याचं भाडं त्यातून सहज निघेल. मी मूळची अंबाजोगाईची, आता विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. आमच्या भागातून कुणी आलं की आठवड्याभरात फोन येतोच, "ताई, वायफाय कोणतं घेऊ?" प्रत्येकाला तेच सांगते, ते इथे एकदा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, गावचा नंबर सोडू नका. स्टेशनबाहेर छत्री लावून सिम विकणारे "महाराष्ट्राचं सिम इथे रोमिंगवर चालतं, पैसे जातील" असं सांगतात. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा पट्टा हे टेलिफोनच्या हिशेबात वेगळं सर्कल, म्हणजे सेवेचा विभाग, आहे आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्यासह दुसरं, इतपत त्यांचं खरं आहे. पण आताच्या पॅकमध्ये देशभर रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. 'इथलं' सिम घेतलं की गावचं सिम पडून राहतं, रिचार्ज होत नाही, काही महिन्यांनी बंद होतं आणि पुढे तो नंबर कंपनी दुसऱ्याच माणसाला देते. बँक, आधार, पीएफ, गॅस सगळीकडे तोच नंबर दिलेला असतो. मग ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात आणि तुम्ही अर्धा दिवस रजा टाकून बँकेच्या रांगेत उभे राहता.

त्या छत्रीवाल्यांबद्दल आणखी एक. नवीन सिम घ्यायची वेळ आलीच तर कंपनीच्या दुकानात जा. रस्त्यावर अंगठा देताना "ठसा नीट आला नाही, परत लावा" असं म्हणाले की सावध व्हा, दुसऱ्या ठशावर तुमच्या नावाने दुसरं सिम निघू शकतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. महिन्या-दोन महिन्यांनी बघत जा आणि आपला नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवा.

खोलीत रेंज येत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. 2015 च्या जुलैपासून एका राज्याचा नंबर दुसऱ्या कुठल्याही सर्कलमध्ये नेता येतो. PORT लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर मेसेज करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो, त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत मिळत नाहीत, म्हणून पॅक संपायला पाच-सहा दिवस राहिले असताना पोर्ट करा. त्याआधी शेजारच्या कॉटवरच्यांचे फोन बघा. रात्री साडेनऊला, सगळे घरी असताना, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात कुणाचा व्हिडिओ न अडकता चालतो तीच तुमची कंपनी. जाहिरातीतला नकाशा आपल्या चाळीतल्या मागच्या खोलीचं काही सांगत नाही.

रिचार्जचा हिशेब साधा आहे. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 रिचार्ज. 2022 पासून प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असे प्लॅन ठेवणं ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाने, बंधनकारक केलं आहे, पण दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, विचारावं लागतं. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले आणि जिओचा 239 चा ओळखीचा पॅक 299 ला गेला. तेव्हा जिओ आणि एअरटेलने बिनमर्यादेचं फाइव्ह-जी रोज दोन जीबीच्या आणि त्यावरच्या पॅकवर ठेवलं, म्हणून मुलं मोठा पॅक मारतात. मारा, पण मग खोलीवर वायफाय कशाला? दोन्हीचे पैसे देणारे मला घरोघरी दिसतात. दिवसा ऑफिसचं वायफाय, रात्री खोलीचं वायफाय, आणि फोनमधला डेटा रोज रात्री बारा वाजता वाया जातो. खोलीवर वायफाय असेल तर फोनला कंपनीचा सगळ्यात लहान कॉलिंगचा पॅक पुरतो. खोलीवर एकटेच असाल आणि लॅपटॉपचं काम नसेल तर वायफाय घेऊच नका.

गावी आईवडिलांचा बटणांचा फोन असेल तर त्यांनाही डेटाचा पॅक मारू नका. ट्रायच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीला कंपन्यांनी फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक काढले. तेव्हा 84 दिवसांना साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे रुपये पडत होते. कंपनीच्या ॲपमध्ये ते खाली कुठेतरी असतात, शोधा.

आता वायफाय. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. केबलवाला किंवा कंपनीचा माणूस पहिल्याच दिवशी सांगतो की बारा महिन्यांचे भरा, दोन महिने वर मिळतील, इन्स्टॉलेशन फुकट. बाराच्या पैशांत चौदा म्हणजे सुमारे 14 टक्के सूट झाली, ऐकायला छान वाटतं. पण तुमचा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार बहुधा 11 महिन्यांचा आहे, आणि त्यातही मालक एका महिन्याच्या नोटिशीवर खोली सोडायला सांगू शकतो. सातव्या महिन्यात जागा बदलली तर तुम्ही सात महिन्यांसाठी बाराचे पैसे मोजलेत.

आमच्या ओळखीतल्या चार मुलांनी भांडुपला असंच केलं. चौथ्या महिन्यात मालकाने खोली विकायला काढली. नवीन खोली मुलुंडला मिळाली, तिथे त्या केबलवाल्याची लाईनच नाही. पैसे परत मागितले तर तो म्हणाला, मी कंपनीकडे भरले. कंपनी म्हणाली, फ्रँचायझीशी, म्हणजे त्या केबलवाल्याशीच, बोला. पावती कुणाकडेच नव्हती, कारण पैसे यूपीआयने त्या माणसाच्या स्वतःच्या नंबरवर गेले होते. कनेक्शन ज्याच्या नावावर होतं तो मुलगा तोवर पुण्याला निघून गेला होता, आणि कस्टमर केअर दुसऱ्या कुणाशी बोलायलाच तयार नाही. मुलं चुकली ती भिडेपोटी. केबलवाला आपल्याच तालुक्यातला निघाला म्हणून पावती मागायला संकोच वाटला. आपल्या लोकांचा हा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे आणि इथे तो महागात पडतो. गाववाला असो की कुणीही, पैसे कंपनीच्या ॲपवर भरा आणि पावती घ्या. मुंबईत स्पष्ट विचारलेलं कुणाला लागत नाही, हा या शहराचा मोठा गुण आहे.

म्हणून पहिले सहा महिने महिन्याचाच प्लॅन घ्या, थोडा महाग पडला तरी. एक पावसाळा त्या लाईनवर काढा. पावसात आणि रस्त्याच्या खोदकामात इथे केबल तुटतच असतात. राउटरजवळच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की फायबर कुठेतरी तुटलेली किंवा निघालेली आहे. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दोन-तीन दिवस लाईन बंद राहिली तर तेवढे दिवस वाढवून मागा. मागणाऱ्याला बऱ्याचदा मिळतात. कस्टमर केअरने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, तिथे वेळ घालवू नका.

कोणती कंपनी, हा प्रश्न खोली बघायला जाल तेव्हाच सोडवा. जिन्यात, मजल्याच्या वळणावर, भिंतीला एक छोटा पेटारा असतो आणि त्यातून बारीक काळ्या-पांढऱ्या वायरी निघून दारांवरून गेलेल्या असतात. त्यावरची स्टिकरं वाचा. वॉचमनला विचारा, कुणाचा माणूस बोलावल्यावर येतो. काही सोसायट्यांमध्ये एकाच केबलवाल्याला आत सोडतात. तिथे दुसरी स्वस्त कंपनी शोधून काही हाती लागत नाही, सेक्रेटरीला आधी विचारलेलं बरं.

वेगाच्या मागे धावू नका. एचडी व्हिडिओला साधारण पाच एमबीपीएस लागतात, म्हणजे तीन-चार जणांच्या खोलीला 30-40 चा प्लॅन भरपूर होतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ मेगाबिटांचा एक एमबी होतो, म्हणून 40 एमबीपीएसचा अर्थ फाईल सेकंदाला पाच एमबीने उतरणार, चाळीसने नव्हे. जाहिरातीतल्या रकमेत 18 टक्के जीएसटी धरलेला नसतो, 399 चा प्लॅन 471 ला पडतो. चौघांत वाटला तर माणशी 118 रुपये. ओटीटी जोडलेले महागडे प्लॅन घेऊ नका, त्यातली निम्मी ॲप कुणी उघडतही नाही.

वायफाय हळू चालतंय असं वाटलं की लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. दाटीच्या वस्तीत शेजारच्या वीस घरांचे राउटर एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर एकमेकांत मिसळतात. राउटर ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि पाच गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा, असेल तर फोन वायफायच्या यादीतल्या पाच गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. राउटर कपाटावर, मोकळ्या जागी ठेवा, टीव्हीच्या मागे नको. स्वतःचा राउटर घ्यायचाच असेल तर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जा, दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि बिलासह घ्या.

फोनचं पोस्टपेड कनेक्शन, घरातले सगळे मिळून फॅमिली प्लॅन घेत असाल तरच घ्या.

वायफायचं कनेक्शन ज्याच्या नावावर आहे तोच शेवटी खोली सोडणारा असावा, हे राहायला येतानाच आपसात ठरवा. बहुतेक ठिकाणी राउटर आणि भिंतीवरचा डबा कंपनीच्या मालकीचा असतो. तो आला त्या दिवशी मागच्या बाजूच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. परत देताना त्याच नंबरची पोच घ्या, ॲडाप्टरसकट. पोच नसेल तर डिपॉझिट कापलं जातं. कनेक्शन बंद करायचा अर्ज ईमेलने करा, फोनवर सांगितलेलं धरू नका, आणि ऑटो-पे लावलं असेल तर तेही त्याच दिवशी यूपीआय ॲपमधून रद्द करा.