साठ दिवसांचा दणका, खालच्या काकूंची झोप न मोडता

मागच्या जूनमध्ये मोबाईलवर बघून साठ दिवसांचा कडक व्यायाम सुरू केला आणि चौथ्या दिवशी बंद केला. वय ४१, वजन ६८ किलो, पतसंस्थेत आठ तास खुर्चीवर. पहिल्याच दिवशी ४५ मिनिटं उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी कठडा धरून, आडवी होत जिना उतरत होते, तर वरच्या मजल्यावरच्या आजी हातात दुधाची पिशवी घेऊन मला ओलांडून गेल्या. चौथ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. त्याच सकाळी खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पहाटे पहाटे चटणी कुटतेस काय?"

नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात केली, ती मात्र साठाव्या दिवसापर्यंत गेली. काय बदललं ते सांगते. घर तेच, साताऱ्यात गोडोलीतलं, पहिल्या मजल्यावरचं. सहा वाजता नळाला पाणी येतं, म्हणजे माझ्या हातात सव्वापाच ते पावणेसहा एवढीच वेळ.

सुरुवात चटईवर नाही, दवाखान्यात करा. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन. माझं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. बायकांना १२च्या खाली म्हणजे कमी. जूनमध्ये दोन मिनिटांत धाप लागायची ती आळसानं नव्हे, हे तेव्हा कळलं. चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्यानं लागतं. हे मला मेडिकलमधल्या पोरानं सांगितलं. तोवर गोळी आणि चहा एकाच घोटात चालू होतं. चाळिशी ओलांडलेली असेल, छातीत कधी दुखलं असेल, गुडघ्याचं किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

मग एक वही घ्या. पहिल्या पानावर चार आकडे: एका मिनिटात किती बैठका, ओट्याला हात टेकून किती जोर, प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ धरणं) किती सेकंद, आणि बेंबीशी कंबरेचा घेर. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही धोक्याची रेघ धरतात. माझे आकडे २१, ७, १८ आणि ९१. लिहिताना लाज वाटली, पण पुढे मला चटईवर आणलं ते याच पानानं. वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच. रोज चढलात की तो तुमचा दिवस खातो.

आता व्यायाम. मोबाईलवर सगळे 'ताबाता' म्हणून ओरडतात: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबा, असं आठ वेळा. हे नाव जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्यावरून पडलं. त्यांचा १९९६ सालचा प्रयोग तरण्याताठ्या, सरावातल्या मुलांवर होता आणि तोही जागेवरच्या सायकलवर. सायकलवर गुडघ्याला हादरा बसत नाही. आपण तेच गणित उड्यांना लावतो आणि मग गुडघ्याला बर्फ लावतो. बर्पीचंही तसंच, म्हणजे खाली वाकून हात टेकायचे, पाय मागे टाकायचे, पुढे घ्यायचे आणि उठायचं. रॉयल बर्पी या अमेरिकन माणसानं १९३०च्या दशकात ती माणसाची तब्येत जोखायला काढली. मुळात चारच वेळा करायची आणि त्यात उडीही नव्हती. आपल्याला पहिल्या दिवशी पन्नास करायला सांगतात.

म्हणून पहिले दोन आठवडे उलटं करा: २० सेकंद काम, ४० सेकंद विश्रांती. पाच प्रकार, तीन फेऱ्या, पंधरा मिनिटं. आधी पाच मिनिटं सावकाश सूर्यनमस्कार किंवा जागेवर चालणं. आठवड्यातून चारच दिवस. "एवढंच?" असं वाटेल. वाटू दे. पहिल्या आठवड्यात अंगात जोर शिल्लक ठेवूनच उठायचं.

माझे पाच प्रकार असे. बैठका, मागे दिवाणाची कड ठेवून. बूड टेकलं की उठायचं, म्हणजे रोज तेवढंच खाली जाणं होतं. जोर स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून. महिन्यानं दिवाणावर, शेवटी जमिनीवर. ओटा आधी पुसून घ्या, तेलाचा हात सटकतो, मी आपटलेय. तिसरा, बिनउडीची बर्पी: खाली वाका, हात टेका, एक पाय मागे, दुसरा मागे, मग एकेक पुढे, उभ्या. चौथा, पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी धरून कंबरेतून वाकणं आणि उठणं. पाणी पाच लिटर म्हणजे बरोबर पाच किलो, डंबेल कशाला? पाठ मात्र पाटासारखी सरळ. पाचवा प्लँक.

मेहनत योग्य होतेय का हे बोलून बघा. काम चालू असताना दोन-तीन शब्द निघाले की बरोबर. अख्खं वाक्य निघालं तर तुम्ही टिवल्याबावल्या करताय, आणि शब्दच फुटत नसेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर थांबा, बसा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० सेकंद काम, ३० विश्रांती, पाच दिवस. पाचवा आठवडा मुद्दाम हलका: फक्त चालणं आणि सूर्यनमस्कार. हा आठवडा गाळायचा मोह होतो, गाळू नका. सहाव्यापासून ४० आणि २०. उड्या याच वेळी आल्या, त्याही गच्चीवर, बूट घालून. घरातला व्यायाम मी काकूंच्या झोपायच्या खोलीवरून हलवून त्यांच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर नेला. खाली सतरंजी, तिच्यावर चटई. तक्रार बंद.

दुखण्याबद्दल. दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकल्या आणि मग ओसरल्या, तर ते ठीक. एकाच बाजूचा सांधा दुखतोय, सुजलाय, तर तो व्यायाम बंद. आणि फार अंगमेहनतीनंतर अंग प्रचंड दुखून लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातला ऐवज मूत्रपिंडांवर येतो.

खाण्याचं. जूनमध्ये एका ॲपनं मला दिवसाला १२०० कॅलरीचा तक्ता दिला होता. त्यात ब्रोकोली, ओट्स आणि आणखी काहीबाही. घरात सासूबाई, दोन मुलं, डबा आणि माझं वेगळं शिजवायचं? शुक्रवारी ऑफिसात कुणीतरी कंदी पेढ्यांचा पुडा आणला आणि मी उभ्या उभ्या पाच खाल्ले. भुकेनं डोकं दुखत होतं. दोष पेढ्यांचा नव्हता.

या वेळी ताट तेच ठेवलं, वाटण्या बदलल्या. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं. माझ्या वजनाला ५६ ग्रॅम, आणि व्यायाम करताना त्याहून जास्त. हिशोब केला तर माझ्या पोटात जेमतेम चाळीस ग्रॅम जात होती. उपाय आपल्या जिल्ह्यातच पिकतो: कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे. रात्री भिजवायचा, सकाळी शिट्ट्या. सकाळी दोन अंडी, दुपारी दोन भाकरी आणि घेवड्याचं घट्ट कोरड्यास, चारला मूठभर शेंगदाणे, रात्री एक भाकरी, वाटीभर दही आणि भाकरीइतकीच जागा घेणारी पालेभाजी. अंडी न खाणाऱ्यांनी सोयाबीन वडी. कोरड्या ३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. हुलग्याचं माडगं थंडीत उत्तम. भात बंद केला नाही, वाढायचे डाव मोजले.

कमी काय केलं? चहा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर. साठ दिवसांची तीन किलो! आता दोन कप, अर्धा अर्धा चमचा. दुसरं तेल. आठवड्याचं तेल सोमवारी बाटलीत मोजून भरते. संपलं की शेंगदाण्याच्या कुटावर भागवायचं. सासूबाई पहिला आठवडा कुरकुरल्या, "आजाऱ्याचं जेवण केलंस." मग मी लसूण दुप्पट केला.

रविवारी अजिंक्यतारा. गोडोलीच्या बाजूनं डांबरी रस्त्यानं वर, दरवाजापर्यंत, बोलत बोलत. पहिल्या रविवारी चार वेळा बसले. आठव्या रविवारी एकदाच, तेही बुटाची नाडी सुटली म्हणून. साठाव्या दिवशी वहीत: बैठका ३७, जमिनीवरचे जोर ६, प्लँक ७०, घेर ८६, वजन ६४.५. 'महिन्यात दहा किलो' म्हणणाऱ्यांना हे फुसकं वाटेल.

मधे भाचीच्या लग्नात चार दिवस बुडाले. अशा वेळी राहिलेलं एका दिवसात भरून काढायचं नाही; एक आठवडा मागे जाऊन तिथून धरायचं. तापात आणि पाळीच्या पहिल्या दिवशी मी फक्त चालते. आणि गावच्या जत्रेला वही घरीच ठेवते, मटणाच्या रश्शाला ग्रॅम नसतात.